कारागिराची मोटार आणि राजपुत्राचा परवाना

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याकडून येणारा रस्ता मिळतो. डोक्यावरून उड्डाणपूल गेला, तरी पुलाखालची कोंडी काही हटली नाही. त्या कोंडीत अडकलेली वाहने नुसती न्याहाळली, तरी भारतीय मोटार-उद्योगाचा पाऊणशे वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढून सरकतो. टाटांचे ट्रक, फिरोदियांचे टेम्पो, बजाजच्या रिक्षा, सुझुकीच्या मारुती, आणि याच शहरातल्या सातपूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या महिंद्रांच्या बोलेरो. या गर्दीत एक वाहन मात्र नाही. ते याच महाराष्ट्रात जन्मले, रस्त्यावर धावले, सरकार-दरबारी त्याची नोंदणीही झाली. पण त्याचा कारखाना कधी उभा राहिला नाही. त्या वाहनाचे नाव मीरा, आणि ते घडविणारे गृहस्थ इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी.

शंकररावांचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. अभियांत्रिकी विद्यालयाची पायरी त्यांनी चढलेली नव्हती. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षे होत होती, त्या सुमारास त्यांनी दोन माणसे बसतील अशी एक छोटी मोटार स्वतः आखून तयार केली. ती एकदा चालली म्हणून ते थांबले नाहीत. पुढची पंचवीस वर्षे ते एकामागून एक सुधारलेले नमुने बनवीत राहिले. दोन आसनांची मोटार कुटुंबाला पुरेल एवढी झाली. दोन सिलिंडरचे इंजिन त्यांनी मागच्या बाजूला बसविले. हवेने थंड होणारे इंजिन फार आवाज करते, असे ध्यानात आल्यावर पाण्याने थंड होणारे केले. सुटे भाग जितके कमी तितकी किंमत कमी आणि दुरुस्ती सोपी, हे सूत्र त्यांनी सोडले नाही. १९७० च्या सुमारास तयार झालेल्या नमुन्याची किंमत त्यांनी बारा हजार रुपयांच्या आसपास धरली होती. १९७५ साली मीरा मुंबईत लोकांपुढे मांडली गेली. लोकांनी कौतुक केले, वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, आणि प्रकरण तेथेच थांबले. शासनाचे पाठबळ मिळाले नाही. पदरचा पैसा ओतून एका माणसाने जे करायचे ते करून झाले होते. त्यापुढचे काम एका माणसाचे नव्हते.

हा प्रकार एखाद्या छंदिष्टाचा खेळ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः इचलकरंजीसारख्या गावात असे वाहन तयार व्हावे, यात नवल काहीच नव्हते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून गावातल्या पोराला गिअर, दांडा, पट्टा, बेअरिंग हे शब्द पाटीवरच्या अक्षरांच्या आधी कळू लागले. माग बिघडला की मुंबईच्या साहेबाची वाट पाहत बसणे परवडत नाही. भाग घरीच घडवावा लागतो. शेजारच्या कोल्हापुरात ओतकामाच्या भट्ट्या आणि तेलइंजिनांचे कारखाने याच हातांनी उभे केले. ज्ञान होते, हात होते, हत्यारे होती. त्या ज्ञानाला देशाच्या नियोजनात कोणत्या रकान्यात बसवावे, हे मात्र कोणी ठरविले नव्हते.

याच काळात दिल्लीत काय चालले होते, ते आता सर्वांना ठाऊक आहे. तरी पुन्हा सांगितले पाहिजे, कारण अलीकडे त्याची आठवण सोयीस्करपणे पुसट झाली आहे. जनतेसाठी छोटी मोटार हवी, ही चर्चा सरकारी समित्यांमध्ये १९५९-६० पासून चालू होती. दशकभर कागद फिरले. आणि १९७० मध्ये वर्षाला पन्नास हजार मोटारी बनविण्याचे इरादापत्र मिळाले ते पंतप्रधानांचे धाकटे चिरंजीव संजय गांधी यांना. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइसच्या कारखान्यात अर्धवट सोडलेली उमेदवारी, एवढीच त्यांची पात्रता. देशातील तिन्ही मोटार-कारखान्यांचे मिळून वर्षाचे उत्पादनसुद्धा तेव्हा पन्नास हजारांच्या खाली होते! वाहन संपूर्णपणे देशी असावे, परकीय चलन खर्ची पडू नये, अशी अट त्या पत्रात होती. म्हणजे शंकररावांनी कोणीही न सांगता जी अट पाळली होती, तीच. हरयाणाचे मुख्यमंत्री बन्सीलाल यांनी गुडगावजवळ सुमारे तीनशे एकर जमीन उपलब्ध करून दिली. हवाईदलाचा दारूगोळ्याचा साठा जवळ आहे, ही अडचणही आड आली नाही. बँकांनी कर्जे दिली, विक्रेत्यांकडून अनामत रकमा गोळा झाल्या. संसदेत विरोधकांनी कंठशोष केला. मोटार काही बाहेर पडली नाही. १९७८ मध्ये ती कंपनी न्यायालयाच्या आदेशाने मोडीत काढण्यात आली, आणि न्यायमूर्ती गुप्ता आयोगाने १९७९ च्या अहवालात त्या साऱ्या व्यवहाराची चिरफाड केली.

पुढचे पर्व आणखी बोलके आहे. १९८० मध्ये संसदेने कायदा करून ते बुडीत कारखान्याचे लचांड सरकारच्या गळ्यात घेतले. १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. प्रारंभीच्या गाड्यांचे बहुतेक सुटे भाग जपानहूनच येत होते. संपूर्ण देशी वाहनाची अट कोणत्या फायलीत गाडली गेली, हे विचारण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कोणी नव्हते. सुझुकीचा हिस्सा सुरुवातीला २६ टक्के होता. २००२ मध्ये कंपनीचे नियंत्रण तिच्या हाती गेले आणि २००७ पर्यंत सरकारने आपले उरलेसुरले भागही विकून टाकले. जनतेच्या पैशाने उभारलेला बाजार असा परक्या हाती सुपूर्द झाला.

या कथेचा आजच्या उदारीकरणाच्या भाटांनी एक झटपट अर्थ लावून ठेवला आहे. परवाना-राज्य होते म्हणून शंकरराव मेले, बाजार मोकळा असता तर तरले असते, असे ते म्हणतात. हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य हे धडधडीत असत्यापेक्षा अधिक काळ टिकते. परवाना-पद्धतीने कारागिराला अडविले, हे खरेच. पण ती पद्धत सर्वांनाच अडवीत होती, हे खोटे. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ रा. कृ. हजारी यांनी १९६७ मध्ये नियोजन मंडळाला सादर केलेल्या अहवालात बिर्ला समूहाने परवान्यांचे अर्ज घाऊक प्रमाणात करून क्षमता आधीच अडवून कशी ठेवली, हे दाखवून दिले होते. अँबेसेडर बनविणारी हिंदुस्थान मोटर्स बिर्लांचीच. म्हणजे परवान्याचे फाटक बंद नव्हते. ते ओळखीच्या माणसासाठी उघडत होते. नवलमल फिरोदियांनी १९४९ च्या सुमारास तीनचाकी ऑटोरिक्षा मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना दाखविली आणि परवानगी मिळविली. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा त्यामुळे हटली, हे मोठेच काम झाले, आणि त्याचे श्रेय फिरोदियांना दिलेच पाहिजे. परंतु ते स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते होते. मंत्र्याच्या दारापर्यंत पोचण्याची वाट त्यांना ठाऊक होती. इचलकरंजीच्या सातवी शिकलेल्या माणसाला ती कोणी दाखवायची?

बाजार मोकळा असता तर काय झाले असते, याचेही उत्तर इतिहासात आहे, आणि ते योगायोगाने सुझुकीच्याच घरचे आहे. मिचिओ सुझुकी हा हमामात्सु गावचा सुतार. १९०९ साली त्याने माग बनविण्याचा कारखाना काढला. म्हणजे हमामात्सुची सुझुकी आणि इचलकरंजी, दोन्ही ठिकाणची मुळे मागाच्या धोट्यात. त्या मागवाल्यांनी १९५५ मध्ये ३६० घनसेंटिमीटर इंजिनाची पहिली छोटी मोटार बाजारात आणली. ती एका जर्मन मोटारीवरून बरीचशी उतरविलेली होती, आणि सुरुवातीला महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गाड्या तयार होत. असा कारखाना खुल्या बाजारात एक वर्षभर तरी टिकला असता काय? तो टिकला, कारण जपानी सरकारने १९४९ पासून छोट्या वाहनांचा स्वतंत्र वर्गच कायद्याने निर्माण केला होता. इंजिनाची मर्यादा ठरवून दिली, कर हलके केले, नियम सोपे केले. छोट्याने मोठ्याशी लढावे, अशी अपेक्षाच ठेवली नाही; छोट्यासाठी निराळे अंगण आखून दिले. जपानची नोकरशाही फार उदार होती असेही नाही. याच सरकारच्या उद्योग-खात्याने साठच्या दशकाच्या प्रारंभी नव्या मोटार-उत्पादकांना आत येऊ न देण्याचा घाट घातला होता, आणि लोहाराचा मुलगा असलेल्या सोइचिरो होंडाने त्याला दाद न देता १९६३ मध्ये आपली मोटार बाहेर काढली. पण अंगण आखलेले होते. आपल्याकडे १९५१ चा उद्योग (विकास व नियमन) कायदा होता, पंचवार्षिक योजना होत्या, समाजवादी समाजरचनेचा ठराव होता. अंगण तेवढे नव्हते. सरकारी कल्पनेत मोटार म्हणजे वर्षाला पन्नास हजार, नाहीतर काहीच नाही.

हे आपल्या देशात शक्य नव्हते, असे म्हणणाऱ्यांनी पंजाबकडे पाहावे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत चंद्रमोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात संपूर्ण देशी आराखड्याचा एक ट्रॅक्टर तयार केला. केंद्र सरकारचे मन परदेशी तंत्राकडे ओढले होते. सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्सने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा हात धरला. तेव्हा पंजाब राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने हा देशी ट्रॅक्टर उचलला. १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी निघाली आणि १९७४ पासून ‘स्वराज’ ट्रॅक्टर शेतात उतरला. त्याने शेतकऱ्याचा विश्वास मिळविला, कारखाना नफ्यात चालला. सालांची जुळवाजुळव पाहावी: ज्या वर्षी संजय गांधींना इरादापत्र मिळाले आणि मीराचा सुधारलेला नमुना इचलकरंजीच्या रस्त्यावर फिरत होता, त्याच वर्षी चंदीगडमध्ये एका राज्य सरकारने हा निर्णय घेतला. (त्या स्वराजचीही मालकी २००७ मध्ये महिंद्रांकडे गेली, पण ते खासगीकरणाच्या काळाचे पाप, मूळ निर्णयाचे नव्हे.)

महाराष्ट्र शासनाला हे अशक्य होते काय? १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आणि १९६६ मध्ये उद्योगांना भांडवल पुरविणारे सिकॉम राज्यात स्थापन झालेले होते. १९६६ मध्येच पुण्यात सरकार आणि उद्योगपती यांच्या सहभागाने मोटार-संशोधनाची संस्था निघाली होती. एस. टी. महामंडळाच्या दापोडीसारख्या कार्यशाळांत बसगाड्यांची बांधणी होत होती. पत्रा कापण्यापासून इंजिन जुळविण्यापर्यंत सर्व कसब असलेले शेकडो कामगार तेथे होते. मीरा त्यांच्या हाती सहा महिने द्यावी, घाटातून, चिखलातून, उन्हाळ्यातून चालवून पाहावी, दोष असतील ते सांगावेत, दूर करण्याजोगे असतील तर करावेत, आणि मग पंचवीस-पन्नास गाड्यांची पहिली खेप काढून पाहावी. एवढ्याने राज्याचे दिवाळे निघाले नसते. कदाचित मीरा परीक्षेत नापास झाली असती. नापास होण्याचाही एक हक्क असतो. तोदेखील शंकररावांना मिळाला नाही.

येथे एक जुनी गोष्ट आठवते आणि मान खाली जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातील कारखान्याची जागा जेव्हा गेली, तेव्हा औंधच्या प्रतिनिधींनी त्यांना कुंडलच्या माळावर जमीन दिली आणि दहा हजारांचे कर्जही दिले. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत होते, तेव्हाची ही हकीकत. एका चिमुकल्या संस्थानाच्या राजाला जे सुचले, ते लोकांनी निवडून दिलेल्या शासनाला साठ वर्षांनी सुचू नये!

शासनाला बोल लावणे सोपे आहे. सहकारी चळवळीने काय केले, हाही प्रश्न टाळता येणार नाही. इचलकरंजी-हातकणंगले-शिरोळचा पट्टा म्हणजे सहकाराची खाण. साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ, बँका. कोट्यवधी रुपयांची यंत्रसामग्री या संस्थांनी विकत घेतली, पण यंत्र बनविण्याकडे त्या फारशा वळल्या नाहीत. ऊस गाळणे आणि सूत काढणे यापलीकडे सभासदाच्या मुलाच्या डोक्यातली आणि हातातली विद्या हेही भांडवल आहे, असे सहकारसम्राटांना वाटले नाही. संचालकांसाठी अँबेसेडर विकत घेण्यात मात्र या संस्था मागे राहिल्या नाहीत.

काही निष्ठावंत कार्यकर्ते येथे हरकत घेतील. समाजवाद्यांना मोटारीचे कौतुक कशाला? कष्टकऱ्यांचे वाहन एस. टी.; मध्यमवर्गाला बारा हजारांत मोटार मिळाली नाही, याचे दुःख आपण का करावे? हरकत रास्त आहे आणि तिचा पहिला भाग बिनशर्त मान्य केला पाहिजे. सार्वजनिक वाहतूक मोडून घराघरांत मोटार घुसविल्याने काय होते, ते द्वारका चौकात कोणत्याही संध्याकाळी पाहता येते. पण प्रश्न मोटारीच्या मालकीचा नाही, तिच्या निर्मितीचा आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ मध्ये पंचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता: अमेरिकेचे भांडवल आणि रशियाची प्रचंड यंत्रे या दोहोंची नक्कल करून भारतातल्या माणसाला काम मिळणार नाही, यंत्र असे हवे की जे गावात, गावच्या भांडवलावर चालेल. समाजवाद्यांनी त्या भाषणावर चर्चासत्रे भरविली. लहान यंत्र म्हणजे नेमके काय, हे ज्याने लोखंडात करून दाखविले तो माणूस आपल्याच महाराष्ट्रात होता. त्याच्यासाठी मोर्चा निघाल्याचे काही ऐकिवात नाही.

१९७७ मध्ये जनता सरकार आले, उद्योगखाते जॉर्ज फर्नांडिसांकडे आले. त्यांच्या औद्योगिक धोरणाने लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या वस्तूंची संख्या सुमारे १८० वरून पाचशेच्या पुढे नेली, जिल्हा उद्योग केंद्रे काढली. धाडसी पाऊल होते. तरीही त्या धोरणाच्या मुळाशी असलेली कल्पना जुनीच राहिली: लहान माणसाने लहान वस्तू बनवावी. बोल्ट त्याचा, वाहन मोठ्यांचे. नाशिकपुरते बोलायचे तर सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत आज तेच चित्र आहे. दहा-वीस कामगारांचे लहान कारखाने मोठ्या कारखान्यांसाठी सुटे भाग घडवितात. आराखडा वरून येतो, दर वरून ठरतो, मागणी कमी झाली की पहिला घाव या कारखान्यांवर आणि त्यांतल्या कंत्राटी कामगारांवर बसतो. ज्या शेडमध्ये वाहनाचा प्रत्येक भाग घडू शकतो, तेथे वाहन घडू शकत नाही. हे तंत्राचे अपयश नाही. मालकीची रचनाच तशी आहे.

आणि शासनाजवळ जमीन नाही, सवलती नाहीत, असेही नाही. टाटांच्या एक लाखाच्या नॅनोसाठी पश्चिम बंगालमधील डाव्या सरकारने सिंगूरच्या शेतकऱ्यांची सुपीक जमीन घेतली, त्यावरून रक्त सांडले, कारखाना २००८ मध्ये गुजरातेत साणंदला गेला. तेथेही जमीन आणि सवलती वाट पाहत होत्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे भूसंपादन रद्द ठरविले आणि २०१८ मध्ये नॅनोचे उत्पादन थांबले. छोटी मोटार बनविताना टाटाही अपयशी होऊ शकतात. त्यांच्या अपयशाचा खर्च मात्र समाज उचलतो. कारागिराच्या अपयशाचा खर्च त्याच्या बायकोच्या दागिन्यांतून भागवावा लागतो.

अगदी अलीकडे, २०२१ च्या अखेरीस, सांगली जिल्ह्यातील एका लोहार कारागिराने भंगारातले भाग जोडून एक चारचाकी वाहन तयार केले आणि ते देशभर गाजले. महिंद्र उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी जाहीरपणे म्हटले की हे वाहन नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या त्याला रस्त्यावर अडविले जाईल, म्हणून त्याच्या बदल्यात आपण नवी बोलेरो देऊ. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्या कुटुंबाला चांगले वाहन मिळाले, याचा आनंदच मानावा. पण व्यवहार काय झाला, तो नीट पाहिला पाहिजे. ज्याने वाहन बनविले, तो शेवटी ग्राहक झाला. आणि त्याचे वाहन कंपनीकडे पाहण्याची वस्तू म्हणून गेले. नियम बदलण्याचा विचार कोणी मांडला नाही.

नियम बदलता येतात. दिल्लीत लहानसहान शेडमधून जुळविलेल्या बॅटरीच्या रिक्षा २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने बंद केल्या, तेव्हा हजारो चालक रस्त्यावर आले. काही महिन्यांत केंद्र सरकारने नियमांत अशा वाहनांचा स्वतंत्र वर्ग घातला, वेग आणि शक्ती यांची मर्यादा आखून दिली, आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यातही दुरुस्ती झाली. सुटे भाग बहुतांशी चीनचेच राहिले, हा त्यातला दोष. तरी संघटित दबावाखाली सरकारला अंगण आखता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमानुसार प्रत्येक नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या किंवा तत्सम मान्यताप्राप्त संस्थेत तपासून घ्यावा लागतो. सुरक्षिततेसाठी ही तपासणी हवीच. पण तिचा खर्च कारखानदाराला झेपतो, कारागिराला नाही. तेव्हा मागणी अगदी साधी आहे: ज्या कारागिराने वा कारागिरांच्या सहकारी संस्थेने स्वतःच्या आराखड्याचे वाहन बनविले असेल, त्याच्या पहिल्या नमुन्याची तपासणी राज्याने आपल्या खर्चाने करावी, दोषांचा लेखी अहवाल त्याच्या हाती द्यावा, आणि ठराविक वेगाच्या व वजनाच्या मर्यादेत वर्षाला शे-दोनशे वाहनांपर्यंत उत्पादनाची मुभा देणारा वेगळा वर्ग नियमांत असावा. नाशिक, कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील शेड आणि गॅरेजे पायी हिंडून अशा कारागिरांच्या याद्या केल्या, तर परिवहनमंत्र्यांपुढे ठेवायला नावे कमी पडणार नाहीत.